पाळेच्या भेगेतली काडी

खापरडोहच्या मालगुजाराचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मार्तंड पांढरीपांडे नागपुरात, महाल भागातल्या आपल्या घराच्या अंगणात दात घासत होता. त्याची बायको चारुशीला हिला नवऱ्याची पत्रं मोठ्यानं वाचायची हौस होती. शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा बेतानं तिनं वाचायला सुरुवात केली.

"'साहेबांचे सेवेशी भैयाजी मालगुजार याचा नमस्कार. पाच वर्षांमागे फुटलेली तलावाची पाळ गावाने यंदा पुन्हा बांधून उभी केली. मृग लागण्याआधी, मंगळवारी, तुडूम बंद करण्याचे योजिले आहे. आपण तेव्हा सांगितलेली पद्धत सोन्यासारखी होती, माणूस नालायक निघाला एवढाच काय तो दोष. यंदा माणूस बदलला आहे. तरी बुच आपल्याच हाताने बसावे अशी साऱ्या गावाची इच्छा आहे.' आणि खाली शालीचं, नारळाचंही लिहिलंय! अहो, पाच वर्षं झाली तरी लोक तुमचं नाव काढतात."

मार्तंडनं तोंडातली राखुंडी गिळली. मग त्याला असा ठसका लागला की चारुशीला पत्र टाकून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. खाई त्याला खवखवे म्हणतात. यानं काय खाल्लं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. पाच वर्षं तो ते पोटात घेऊन हिंडत होता, आणि तेवढ्या काळात त्याचं पोट चांगलं सुटलंही होतं.

तुडूम म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला आधी सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट त्याच भोकातून वाहिलेली आहे. तलावाच्या मातीच्या बांधाला खापरडोहकडे पाळ म्हणतात. पाळेच्या तळाशी एक आरपार दगडी मोरी असते आणि तिच्या तोंडाला मांडीएवढं सागाचं बुच. हेच तुडूम. बुच काढलं की पाणी खाली धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वावरांत जातं, बसवलं की तलाव भरू लागतो. ते केव्हा काढायचं, केव्हा बसवायचं, कुणाच्या बांधीत पाणी आधी सोडायचं, हे पाहणारा माणूस म्हणजे पाणकर. खापरडोहात ही पाणकी लंजे घराण्याकडे होती, आणि किती पिढ्या होती हे कुणी मोजलं नव्हतं. तिच्यापायी पाळेखालचं दीड एकराचं वावर त्यांच्याकडे होतं आणि चार माणसांत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मार्तंड तिथे पहिल्यांदा गेला तो एकतीस साली. वय सव्वीस, शेतकीची पदवी नवी कोरी, डोक्यावर सोला हॅट. पावसाचं पाणी गावात कसं थोपवावं हे शेतकऱ्यांना समजावून द्यायला शेतकी खात्यानं त्याला पाठवलं होतं. उमरेडच्या वाटेवर पाचगावच्या पुढे उतरून चार कोस आत बैलगाडीनं गेलं की खापरडोह. तिथल्या आमराईत त्यानं तंबू ठोकला, पाऊस मोजायचं भांडं मांडलं, आणि रोज सकाळी वही घेऊन तो पाळेवर फिरू लागला. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि मार्तंड तेव्हा घोट्याएवढाच होता.

खोटं कशाला बोला, त्याचं बरंचसं बरोबर होतं. उताराला आडवं नांगरा, वरच्या बरडावर बांध घाला, नाल्याच्या तोंडाशी दगड रचा म्हणजे गाळ तलावात यायचा नाही, हे त्यानं सांगितलं आणि लोकांनी केलं. बरडावरच्या दोन वावरांत त्या साली पहिल्यांदा ज्वारी उभी राहिली. एवढ्यावर तो थांबता तर लोकांनी त्याचा फोटो देवळात लावला असता. पण माणसाचं एकदा बरोबर आलं की आपलं सगळंच बरोबर येणार असं त्याला वाटायला लागतं.

रोहिणीत दोन सरी पडून गेल्या होत्या. मार्तंड पाळेवर आला तर तुडूम उघडं, आणि तलावात आलेलं गढूळ पाणी आरामात खाली निघून चाललेलं. शेजारी पाणकर दादाजी लंजे तंबाखू मळत बसला होता.

"ए दादाजी," मार्तंड ओरडला, "झोपलास काय? पाणी चाललं की सगळं!"

दादाजी साठीचा. मार्तंडच्या वडिलांहूनही चार पावसाळे जास्त पाहिलेला. पण अंगात साहेब शिरला की समोरच्याचं वय दिसत नाही. दादाजीनं त्या अरे-तुरेचं काही मनावर घेतलं नाही. उठला, कुंपणातली तुरीची एक वाळकी काडी मोडून घेतली, आणि पाळेवर उन्हानं पडलेल्या एका भेगेत ती घातली. काडी सरसर आत गेली. त्याचा हात कोपरापर्यंत भेगेला टेकला तरी ती तळाला लागली नाही.

"पाहा जी," तो म्हणाला. "काळी माती हे. उन्हाळाभर तहानेली हाय पाळ. ह्या भेगा मिटत नाही तोवर पाणी अडवाचं नाही. तहानेल्याले कोणी घागर नाही पाजत, ओंजळीनं पाजते. रोज काडी घालून पाहातो मी. ज्या दिवशी बोटभरावर अडन, त्या दिवशी बुच लावीन. आखाडीच्या पुनवेच्या आगंमागं."

"आणि तोवर गेलेलं पाणी?"

"ते पाळेचं पाणी हाय जी. आपलं नाही."

मार्तंड मनापासून हसला. हे त्यानं वहीत लिहून घेतलं आणि पुढे 'खुळी समजूत' असा शेरा मारला. मग त्यानं हिशेब केला. पाचातली दोन वर्षं श्रावण कोरडा जातो, तलाव अर्धा राहतो आणि धान लोंबीवर येऊन वाळतं. पहिलं पाणी धरलं तर एवढा घाटाच नाही. तो हिशेब त्यानं भैयाजीपुढे मांडला, कारण मालगुजार म्हणजे गावचा जमीनदार, आणि तुडुमाचा हुकूम त्याचाच. भैयाजी वाईट माणूस नव्हता, पण आदल्याच साली त्याचं धान वाळलं होतं, त्यामुळे पी हळद अन् हो गोरी अशी त्याची गत झालेली. त्यानं दादाजीला बोलावून हुकूम दिला. मृगाच्या पहिल्या दिवशी दादाजी पाण्यात उतरला आणि त्यानं बुच ठोकलं. वर आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साहेब म्हणते तं लावलं."

आठवड्यानं पाऊस आला तो सकाळी सुरू झाला आणि थांबायचं नावच घेईना. दादाजी पोतं पांघरून तंबूशी आला. मार्तंड भांड्यातलं पाणी मोजत होता आणि खुशीत होता.

"साहेब, पाणी पुरुसभर चढलं. मागच्या अंगानं पाळ पाझरून राहिली. उघडू काय जी?"

"थोडं पाझरणारच. थेंबही सोडायचा नाही."

दादाजी गेला. तासाभरानं पुन्हा आला. या वेळी तो धावत आला होता आणि त्याला धाप लागली होती.

"साहेब, पाझर गढूळ झाला. साफ असता तं मी आलो नसतो. गढूळ म्हणजे पाळ आतून इरून राहिली जी. उघडू द्या."

"ए, तुला एकदा सांगितलं ना!" मार्तंड खेकसला. "जा, आणि पुन्हा विचारायला येऊ नकोस."

तो पुन्हा आला नाही. जेवणाच्या वेळेला मोठी गाडी दगडांवरून जावी तसा आवाज झाला, आणि मार्तंड तंबूबाहेर येईपर्यंत पाळेत दहा हातांचं खिंडार पडलेलं होतं. माणूस मेलं नाही, ही त्यातल्या त्यात देवाची दया. एक बैलजोडी गेली. लावणीसाठी टाकलेले धानाचे पऱ्हे गेले. पाळेच्या अगदी खाली सत्यवती नावाच्या विधवा बाईचं तीन एकर वावर होतं, त्यावर कमरेएवढी वाळू आणि मुरूम बसला. तिच्या विहिरीचं तोंडसुद्धा कुठे होतं ते नंतर सापडलं नाही.

आठ दिवसांनी वरचा साहेब चौकशीला आला. चावडीत सारं गाव जमलं. साहेबानं एकच प्रश्न विचारला: पाणी चढत असताना तुडूम उघडलं का नाही?

दादाजीनं मार्तंडकडे पाहिलं. मार्तंडनं वहीत पाहिलं. वहीच्या त्या पानावर काहीच नव्हतं, पण तो असा डोळे लावून बसला की जणू उत्तर तिथेच लिहिलंय.  आणि मग दादाजीचा आवाज आला.

"डोळा लागला जी माहा."

दिवसाढवळ्या, असल्या पावसात, पाणकराचा डोळा लागला! कुणीतरी थुंकलं. कुणीतरी आईवरून शिवी दिली. आणि मार्तंडनं त्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं, स्वच्छ अक्षरात अहवाल लिहिला की 'पाणकराच्या गैरसावधपणामुळे पाळ फुटली'. गप्प बसणं वेगळं, आणि बसून लिहिणं वेगळं. आपण नुसते गप्प राहिलो असं तो पुढे स्वतःला सांगायचा, पण अहवालातलं ते वाक्य आठवलं की तेही सांगता यायचं नाही. दादाजीची पाणकी गेली, पाळेखालचं वावर गेलं. मार्तंडला दीड वर्षानं बढती मिळाली.

पत्र यायच्या तीन वर्षं आधी तो इतवारीच्या बाजारात तुरीचं पोतं घ्यायला गेला होता. धान्याच्या एका दुकानापुढे पाचसहा बाया गहू पाखडत बसल्या होत्या. त्यातली एक एकदम उभी राहिली आणि तिनं पदर सावरून नमस्कार केला.

"साहेब, वळखलं नाही काय जी? खापरडोहची सत्यवती. माही जमीन नाही काय वाळूखाली गेली? आता इथंच काम करतो." आणि याचं तोंड पांढरं पडलेलं पाहून तिनं उलट त्यालाच धीर दिला. "तुमी काहून वाईट वाटून घेता? तुमी तं गावाचं भलंच कराले आले होते. त्या दादाजीचं वाटोळं होवो. रोज सकाळी सूप हाती घेतलं का पहिली शिवी त्याले देतो मी."

मार्तंड पोतं न घेताच घरी आला. तेव्हापासून त्यानं इतवारीत पाय ठेवला नव्हता.

आणि आता हे पोस्टकार्ड. शालीची लाज वाटली हे तर झालंच, पण दुपारपर्यंत त्याच्या लक्षात आलं की प्रकरण शालीवर थांबत नाही. पाळ का फुटली हे खापरडोहात कुणाला माहीतच नव्हतं. झोपेनं फुटली, अशी साऱ्यांची खात्री. म्हणून माणूस बदलला आणि पद्धत तीच ठेवली. नवी पाळ, एक उन्हाळा खाल्लेली कोरडी काळी माती, भेगा पहिल्यापेक्षा जास्त. मंगळवारी बुच बसणार. तो गेला नाही तर दुसरा कुणी बसवील. पहिल्या मोठ्या पावसाला पाळ पुन्हा जाईल, आणि या वेळी दया करायला देव मोकळा असेलच असं नाही.

त्यानं एक कोरं पोस्टकार्ड घेतलं. 'तूर्त तुडूम बंद करू नये, कारण' एवढं लिहिलं आणि टाक थांबला. कारण लिहायचं म्हणजे सगळंच लिहावं लागत होतं. त्यानं ते फाडलं. दुसऱ्यात कारण गाळलं, पण कारणाशिवाय भैयाजी ऐकणार नाही हे त्यालाच दिसत होतं. तेही फाडलं. चारुशीलेनं चुलीजवळचे तुकडे पाहिले आणि त्याचा ठेवणीतला कोट उन्हात टाकला.

सोमवारी दुपारी तो खापरडोहला पोचला. भैयाजीच्या वाड्यावर न जाता तो आधी गावाबाहेर, दादाजीच्या झोपडीशी गेला. दादाजी बाहेर दोर वळत बसला होता. पाच वर्षांत तो निम्मा झाला होता. त्याची बायको कौशल्या हिनं साहेबाला ओळखलं, आत गेली, आणि पाण्याचा गडवा आणून त्याच्यापुढे ठेवला. ठेवला मात्र जरा जोरात.

"दादाजी," मार्तंड म्हणाला, "तुमच्याशी बोलायचं होतं."

"तुमच्याशी?" म्हातारा हसला. "बसा जी."

मार्तंडनं सांगितलं. कुठून सुरुवात करावी कळेना म्हणून त्यानं शेवटाकडून सांगितलं, मग मधलं, मग पुन्हा पहिल्यापासून. माझी चूक होती, मी अहवाल लिहिला, मी तुमची पाणकी घालवली, पाच वर्षं मला नीट झोप नाही. बोलता बोलता त्याचे डोळे भरले, आणि त्याला जरा बरंही वाटू लागलं. आता म्हातारा म्हणेल, जाऊ द्या साहेब, झालं गेलं. मग हलक्या मनानं भैयाजीला काहीतरी सांगता येईल, पुस्तकात नवं आलंय, बुच महिन्यानं लावा, असलं काहीतरी. हा हिशेब त्याच्या मनात पुरता झालेला होता. माणूस रडता रडतासुद्धा हिशेब करतो.

दादाजीनं दोर खाली ठेवला.

"हे मले काहून सांगून राहिले जी?" तो म्हणाला. "मले तं माहीतच हाय. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा."

 मार्तंडनं पाच वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"पण तुम्ही तेव्हा डोळा लागला असं का म्हणालात?"

"काय म्हणू? तुमी वहीत पाहून राहिले होते. मले वाटलं आता बोलन साहेब, मंग बोलन. तुमी तं बोलेच ना. सारं गाव बसलं होतं. कोणाले तरी काही बोलाव लागन ना?" म्हाताऱ्यानं दोर पुन्हा हाती घेतला. "अन् मी काय लई साजरा हाय? पाझर गढूळ झाला तवा मी तुमाले इचाराले पळालो. माहा बाप असता तं त्यानं कोणाले इचारलं नसतं, उडी मारून बुच काढलं असतं. मी भेलो. माही पाणकी गेली तं गेली, ते मले कबूल हाय. पण झोपला म्हणते ना लोकं, ते रोज लागते."

"झोपला नव्हता," कौशल्या दारातून म्हणाली. साऱ्या वेळात ती एवढंच बोलली.

मंगळवारी सकाळी पाळेवर सारं गाव लोटलं होतं. डफडं वाजत होतं, पाळेला आंब्याच्या पानांचं तोरण, आणि बुचाला हळदकुंकू लावून ते पाटावर ठेवलेलं. नवा पाणकर म्हणजे भैयाजीचा भाचा, धुतलेलं धोतर नेसून ताठ उभा होता. भैयाजीनं शाल उलगडली.

"थांबा," मार्तंड म्हणाला. त्याच्या हातात तुरीची काडी होती, सकाळी दादाजीच्या कुंपणातून न विचारता घेतलेली. तो खाली बसला, ठेवणीतल्या कोटासकट, आणि पाळेवरच्या एका भेगेत त्यानं काडी घातली. ती गेली. हात कोपरापर्यंत मातीला टेकला. त्यानं ती सोडली तर ती आतच पडली आणि दिसेनाशी झाली.

डफडं थांबलं.

"ही भेग मिटेपर्यंत बुच लावायचं नसतं," तो तसाच बसून म्हणाला.  "दादाजींनी मला हे सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी लावायला लावलं. पाळ पाझरायला लागली तेव्हा ते दोनदा माझ्या तंबूत आले, उघडू का म्हणून. मी त्यांना हाकललं. ते झोपले नव्हते. मी खोटं लिहिलं. पाळ माझ्यामुळे फुटली."

कुणीतरी आता ओरडेल, अंगावर येईल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. पण लोक नुसते पाहत राहिले. ज्याची बैलजोडी वाहून गेली होती तो माणूस अगदी पुढे उभा होता. त्यानं मार्तंडकडे पाहिलं, बुचाकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून चालू लागला. त्याच्यामागे दोघं गेले, मग चौघं. भैयाजीच्या हातात शाल तशीच उलगडलेली होती.

"साहेब, हे काय बोलून राहिले तुमी?" भैयाजी म्हणाला. "मी त्याचं वावर काढलं ना गा! चावडीतून हात धरून काढलं मी त्याले!"

 भैयाजीनं शालीची घडी घातली. नीट बसली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली.

दादाजी सारा वेळ मोहाच्या झाडाखाली उभा होता. आता तो पाळेवर आला. लोकांनी वाट दिली. भैयाजी त्याला काही म्हणू पाहत होता, पण दादाजी थांबला नाही. त्यानं पाटावरचं बुच उचललं, हळदकुंकवासकट खांद्यावर घेतलं. ते जड होतं, म्हाताऱ्याचा खांदा झुकला. भाचा हात लावायला पुढे झाला तर त्यानं मानेनंच नको म्हटलं.

"हे माह्या घरी राहीन," तो भैयाजीला म्हणाला. "काडी अडली का आणून लावीन."

आणि तो पाळेवरून उतरून आपल्या झोपडीकडे गेला. मार्तंडला परतीची बैलगाडी कुणी विचारली नाही. तो चार कोस पायी आला.

नागपुरात त्यानं खरा अहवाल लिहून दिला. त्याची बढती गेली, आणि पावसाळा संपला की दूर चांद्याकडे बदली असं ठरलं. चारुशीला चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. पण मी शेजारी ती सगळी पत्रं वाचून दाखवायची हो." आणि तिनं तोंड फिरवलं.

एक माणूस अजून राहिलं होतं. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा, असं म्हातारा म्हणाला होता, आणि हे मार्तंडला रोज आठवत होतं. पण तो इतवारीत जाणं आज-उद्यावर टाकत राहिला. पाळ टिकली की जाऊ, असं त्यानं ठरवलं होतं. बरी बातमी हाती असली म्हणजे वाईट सांगायला सोपं जातं, हा त्याचा नवा हिशेब. खोड लवकर जात नाही. आखाडीच्या दुसऱ्या दिवशी दादाजीनं बुच लावलं. श्रावणात तलाव सांडव्यापर्यंत भरला आणि पाळेनं पाण्याचा थेंब सोडला नाही. भैयाजीचं तसं कार्ड आलं. या वेळी चारुशीलेनं ते मनातल्या मनात वाचून त्याच्या हाती दिलं.

मग तो इतवारीत गेला.

सत्यवती त्याच दुकानापुढे होती, तेच काम, केस मात्र पार पिकलेले. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. हातगाड्या त्याच्या पाठीला घासून जात होत्या. त्यानं आधी तलाव भरल्याचं सांगितलं. ती खूश झाली. मग त्यानं उरलेलं सांगितलं.

तिचं सूप थांबलं. गहू सुपात तसाच पसरून राहिला. तिला राग आलाय की नाही हेही त्याला कळेना.

"मंग पाच वर्सं," ती सावकाश म्हणाली, "रोज सकाळी मी त्या म्हाताऱ्याले शिव्या देल्या. त्या कोणाच्या होत्या जी?"

"माझ्या," मार्तंड म्हणाला.

आणि तो वाट पाहत बसला. निदान एक तरी ती आता तोंडावर देईल, अशी त्याला आशा होती. सत्यवतीचे ओठ हललेही. पण दुकानाच्या आतून मालकानं हाक मारली, तेव्हा तिनं सूप उचललं.

"बाजूले सरका, साहेब," ती म्हणाली. "कोंडा उडन अंगावर."